सोमवारपर्यंत बरं करा

आजारी पडल्यावर काय करावं, यावर माझा आणि माझ्या भाचीचा पक्का मतभेद आहे. ती बोरिवलीत राहते, अंधेरीत नोकरी करते आणि आठवड्याचे शेवटचे दोन दिवस तिला जिवापाड प्रिय आहेत. आधी तिची बाजू तिच्याच शब्दांत मांडतो, कारण उपनगरांतल्या कितीतरी तरुण मुलामुलींची बाजू हीच आहे आणि ती उडवून लावण्यासारखी नाही.

“मामा, पाच दिवस मी लोकलला लटकते आणि स्क्रीनसमोर बसते. शुक्रवारी रात्री वर्सोव्याला नाहीतर वीरा देसाई रोडला सगळे भेटतो. शनिवारी दादरहून मध्यरात्रीची कसारा लोकल धरून ट्रेक, नाहीतर नॅशनल पार्कसमोरून गोव्याची स्लीपर. एवढं सोडलं तर आठवड्यात माझं असं काही नाही. आता गुरुवारी अंग तापलं, तर डॉक्टरकडून मला एकच गोष्ट हवी असते. शनिवारपर्यंत उभं करा, नाहीच जमलं तर सोमवारपर्यंत तरी. ताप उतरला, अंगदुखी थांबली, की माझ्यापुरता आजार संपला. यात तुला खुपतं काय? माझं रात्री बाहेर राहणं?”

तिच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, म्हणजे वाद आडवळणाला जाणार नाही. रात्र मला खुपत नाही. अंधेरीचं सीप्झ १९७३ साली उभं राहिलं तेव्हापासून या उपनगरांना रात्रपाळी ठाऊक आहे. विमानतळ तर कधी झोपलेलाच नाही. रात्री कामाला जाणं चालतं, तर रात्री मजेला जाणंही चाललं पाहिजे. २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने रात्रभर व्यवसायाची वाट मोकळी केली, २७ जानेवारी २०२० पासून मुंबईतल्या ठरावीक भागांतले मॉल आणि उपाहारगृहं चोवीस तास उघडी ठेवायला सरकारने परवानगी दिली, दारूच्या ठिकाणांना रात्री दीडची मर्यादा कायम ठेवली. यात शहराचं काही बिघडलं असं मला वाटत नाही. भटकंतीचंही तसंच. माझी हरकत तिच्या एकाच वाक्याला आहे. ताप उतरला की आजार संपला, हे ते वाक्य. आजार किती दिवसांचा हे त्याच्या जंतूवर आणि आपल्या शरीरावर ठरतं. वीकेंडला जोडून तो मोजला की कधी आपण फार लवकर थांबतो, कधी नको ते औषध घेतो, आणि ज्या दिवशी सगळ्यांत जास्त सावध राहायचं त्याच दिवशी घराबाहेर पडतो.

डेंग्यूचंच घ्या. डास चावल्यावर साधारण चार ते दहा दिवसांनी ताप येतो. पहिले दोन-तीन दिवस ताप जोरात असतो, डोळ्यांच्या मागे ठणकतं, हाडं कुणीतरी पिळतंय असं वाटतं. मग तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान ताप एकदम उतरतो. घरातली माणसं सुटकेचा श्वास सोडतात. बहुतेकांच्या बाबतीत ते बरोबरही असतं. पण काहींच्या बाबतीत नेमकं इथेच संकट सुरू होतं. केशवाहिन्यांमधून रक्तातला पातळ भाग बाहेर झिरपायला लागतो, रक्त घट्ट होतं, नाडी जलद आणि क्षीण होते, रक्तदाब घसरतो. ही अवस्था चोवीस ते अठ्ठेचाळीस तास टिकते आणि डेंग्यूचे बहुतेक मृत्यू याच तासांच्या दुर्लक्षातून होतात. बुधवारी ताप सुरू झाला असेल तर तो उतरण्याचा दिवस शनिवार किंवा रविवार पडू शकतो. म्हणजे ज्या क्षणी रुग्णाला वाटतं की चला, आता निघू, तो क्षण घरी थांबून लघवी होतेय का, पोट दुखतंय का, हे बघत राहण्याचा असतो. या अवस्थेतली धोक्याची लक्षणं कुठली? पोटात सतत दुखणं, उलट्या न थांबणं, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त येणं, कमालीची ग्लानी नाहीतर तगमग. आता हीच लक्षणं रविवारी सकाळी, आदल्या रात्री चार पेग झालेल्या मुलात दिसली, तर खोलीतले मित्र काय म्हणतील? उतरली नाहीये अजून. लिंबूपाणी पाजतील आणि पडदे ओढून त्याला झोपू देतील. अंग दुखतंय म्हणून कुणी आयबुप्रोफेनची गोळी काढून देईल, जी डेंग्यूच्या संशयात घ्यायचीच नसते, कारण तिने रक्तस्राव वाढण्याची भीती असते. त्या खोलीत वाईट कुणीच नाही. चुकलंय ते फक्त दिवसांचं गणित.

यावर भाचीकडे तयार उत्तर आहे. “एवढी अडाणी नाही रे मी. ताप आला की सीबीसी करते. प्लेटलेट्स लाखाच्या वर असल्या की झालं. शिवाय आई पपईच्या पानांचा रस देते.” प्लेटलेट्सचा आकडा आपल्याकडे घरोघरी पाठ झाला आहे, आणि तिथेच घोळ होतो. तापाच्या दुसऱ्या दिवशी काढलेला आकडा पाचव्या दिवसाची हमी देत नाही. झिरपणाऱ्या द्रवाचा अंदाज देणारा दुसरा आकडा त्याच कागदावर, दोन-चार ओळी वर, छापलेला असतो. पीसीव्ही नाहीतर हिमॅटोक्रिट असं त्याचं नाव. तो वाढत गेला की रक्त घट्ट होतंय. डॉक्टर दोन्ही आकडे एकत्र वाचतात आणि रोज किंवा दिवसाआड पुन्हा तपासतात. डेंग्यूच्या विषाणूवर थेट औषध अजून नाही. खरा उपचार म्हणजे वेळेवर आणि मोजून दिलेला द्रव, पॅरासिटामॉल आणि लक्ष. पपईच्या पानांनी तो द्रव भरून निघत नाही. एकाच तपासणीवर आजार निकालात काढणं हे पुन्हा तेच, सगळं एका भेटीत आटपायची घाई.

मलेरियात हीच घाई निराळ्या तऱ्हेने नडते. मुंबईत मलेरिया पसरवणारा ॲनॉफिलिस स्टिफेन्सी हा डास गच्चीवरच्या टाक्यांत, विहिरींत, इमारतीच्या बांधकामावर साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो आणि चावतो रात्री. रात्री उघड्यावर बसणाऱ्याला त्याचा धोका अधिक, एवढाच नाइटलाइफचा आणि त्याचा संबंध. व्हायव्हॅक्स जातीचा मलेरिया झाला तर क्लोरोक्विन तीन दिवस द्यायचं असतं. त्याने रक्तातले परजीवी मरतात आणि ताप जातो. पण व्हायव्हॅक्सचे काही परजीवी यकृतात निजून राहतात आणि काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी पुन्हा रक्तात उतरतात. त्यांच्यासाठी प्रायमाक्विन चौदा दिवस घ्यावं लागतं. त्याआधी रक्तात जी-६-पीडी या विकराची कमतरता नाही ना, हे पाहायचं असतं आणि गरोदर स्त्रीला ते देत नाहीत. तिसऱ्या दिवशी ताप गेला, चौथ्या दिवशी बॅग भरली, गोळ्यांची पट्टी घरी कपाटावर राहिली, की मलेरिया परत येतो. तोवर रुग्ण म्हणत असतो, मला दरवर्षी मलेरिया होतो, आमच्या भागात डासच फार. दरवर्षी नवा डास चावतो असं दरवेळी नसतं. पुष्कळदा तो मागच्याच आजाराचा अर्धवट राहिलेला हिशेब असतो. आणि दरम्यान त्याच्या रक्तातून नवे डास जंतू उचलून बिल्डिंगभर नेतात, हे वेगळंच.

इथवर आल्यावर भाची वाद सोडून देत नाही, उलट पुस्तकं काढते. “तू पुरावा पुरावा करतोस म्हणून विचारते. तुझ्या आजोबांच्या काळी डॉक्टरच हवापालटाला पाठवायचे ना? पाचगणीला १९१२ मध्ये डॉ. बिलिमोरियांनी बेल-एअर सॅनटोरियम काढलं, ते डोंगरातल्या हवेसाठीच. म्हणजे प्रवास हे औषधच होतं. आणि नंतर मद्रासमध्ये काय सिद्ध झालं? क्षयरोग्याला अंथरुण, मोकळी हवा, दूध-अंडी, काहीच लागत नाही. मग तापातून उठलेल्या माणसाने घरी पडून राहावं हा हट्ट कशाला?”

मद्रासचा हा दाखला तिने काढला हे बरं झालं, कारण या वादात त्याच्याइतका नेमका पुरावा दुसरा नाही. १९५६ साली मद्रासमध्ये क्षयरोग्यांचे दोन गट पाडले गेले. एकूण १९३ रुग्ण. जवळपास निम्म्यांना वर्षभर सॅनटोरियममध्ये ठेवलं, खाणंपिणं चांगलं, विश्रांती भरपूर. उरलेले आपापल्या दाटीवाटीच्या घरांत राहिले, खाणं बेताचंच, आणि शक्य तसे कामालाही जात राहिले. औषधं दोन्हीकडे तीच, आयसोनायझिड आणि पीएएस. १९५९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. घरी राहिलेले रुग्ण जवळपास तितकेच बरे झाले होते आणि त्यांच्या घरच्यांना आजार लागण्याचं प्रमाणही वाढलं नव्हतं. जगभरची सॅनटोरियमं हळूहळू बंद पडली त्यामागे हा अभ्यास आहे. भाची म्हणते ते इथपर्यंत खरं. पण दोन्ही गटांत एक गोष्ट समान होती. औषध पूर्ण बारा महिने दिलं गेलं. घरी राहणारा रुग्ण ठरलेल्या वारी दवाखान्यात येऊन औषध न्यायचा, कर्मचारी न सांगता घरी येऊन गोळ्या मोजायचे, औषध पोटात जातंय की नाही हे लघवी तपासून बघायचे. म्हणजे पलंग सुटला तरी मुदत सुटली नाही. कुठल्या आजारात झोपून राहायला हवं आणि कुठल्यात हिंडत-फिरत औषध घेतलं तरी चालतं, हे त्या अभ्यासाने वेगळं करून दाखवलं. मलाही तेवढंच म्हणायचं आहे. व्हायव्हॅक्सचा ताप गेल्यावर अंगात शक्ती असेल तर जा खुशाल गोव्याला, पण चौदा दिवसांची पट्टी खिशात घेऊन जा. डेंग्यूचा ताप गेल्यावर मात्र दोन दिवस घर सोडू नकोस. नियम दोन आहेत, कारण आजार दोन आहेत.

मग ती खरी अवघड जागा दाबते. “आणि डॉक्टरांनाच नीट माहीत नसलं तर? आम्ही मुदत पाळायची आणि त्यांनी मनाला येईल ते लिहायचं. २०१७ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये तर डॉक्टरांनीच लिहिलंय की अँटिबायोटिकचा कोर्स पूर्ण करा हा उपदेश पुराव्यावर उभा नाही.” दोन्ही आक्षेप खरे आहेत. मुंबईची नोंद याबाबतीत शरमेची आहे. १९९१ च्या अभ्यासात धारावीतल्या सुमारे शंभर खासगी डॉक्टरांनी क्षयावर मिळून ऐंशी वेगवेगळ्या औषधयोजना लिहिल्या. जवळपास वीस वर्षांनी डॉ. झरीर उदवाडिया यांच्या चमूने त्याच धारावीत विचारणा केली, तेव्हा १०६ पैकी अगदी मोजक्या जणांना औषधांना दाद न देणाऱ्या क्षयाची चिठ्ठी बरोबर लिहिता आली. आणि २०१२ सुरू होता होता त्याच उदवाडियांनी माहीमच्या हिंदुजा रुग्णालयातून चार रुग्णांची माहिती जगापुढे ठेवली. हाताशी असलेल्या कुठल्याच औषधाला त्यांचा क्षय दाद देत नव्हता. क्षयाचा खोकला कसल्याही परवान्याची वाट न पाहता लोकलच्या डब्यातून सगळीकडे जातो, म्हणून धारावीची ही आकडेवारी मुलुंड-घाटकोपरच्या माणसानेही आपलीच समजावी. पण यातून निघतं काय? डॉक्टर चुकतात म्हणून रुग्णाने आपल्या सोयीने मुदत ठरवावी, हे निघत नाही. चुकीच्या चिठ्ठीनेही जंतू औषधाला दाद देईनासा होतो आणि अर्धवट सोडलेल्या बरोबर चिठ्ठीनेही तेच होतं. जंतूला दोन्हींत फरक दिसत नाही.

ब्रिटिश लेखाचं म्हणणं तर माझ्याच बाजूचं आहे. मार्टिन लेवेलिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असं म्हटलं की बऱ्याच साध्या संसर्गांत गरजेपेक्षा जास्त दिवस अँटिबायोटिक दिल्याने प्रतिरोध वाढतो, म्हणून एकच ठोकळेबाज सूचना नको. क्षयासारखे आजार त्यांनी स्पष्टपणे बाजूला ठेवले होते. तिथे सहा महिन्यांची मुदत प्रयोगांनी ठरली आहे. याउलट सर्दी-तापाच्या विषाणूला अझिथ्रोमायसिनचा एक दिवसही नको असतो. आपल्याकडे तीन गोळ्यांची ती पट्टी शुक्रवारी संध्याकाळी स्टेशनबाहेरच्या मेडिकलमधून बिनचिठ्ठीची उचलली जाते, सोबत ॲसिडिटीची गोळी, की झाला वीकेंडचा बंदोबस्त. कायद्याने हे चालत नाही. १ मार्च २०१४ पासून लागू झालेल्या एच-वन यादीतल्या अँटिबायोटिक आणि क्षयाच्या औषधांची तर दुकानदाराने रुग्णाच्या आणि डॉक्टरच्या नावासह वेगळी नोंद करून ती तीन वर्षं जपायची असते. पाकिटावरची लाल रेघ म्हणजे चिठ्ठीशिवाय घेऊ नका, हे सांगणारी मोहीमही २०१६ पासून निघाली. रेघ पाहून हात मागे घेणारं गिऱ्हाईक मात्र अजून दुर्मीळ आहे.

प्रवासाचा आणि उपचाराचा जो संबंध भाची हवापालटात शोधते, तो मला दुसरीकडे दिसतो. पावसाळ्यातल्या ट्रेकला माणूस ओढ्यात उतरतो, चिखलात पाय जातो, पोटरीवर कुठेतरी खरचटलेलं असतं. घरी परततो तर अंधेरी सबवेत गुडघाभर पाणी. उंदीर आणि जनावरांच्या लघवीतून त्या पाण्यात लेप्टोस्पायरा हा जंतू उतरलेला असू शकतो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्यानंतरच्या आठवड्यांत लेप्टोने जी माणसं नेली ती या शहराच्या लक्षात आहेत. तेव्हापासून महापालिका दर पावसाळ्यात सांगते की पाण्यातून चालला असाल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने २४ ते ७२ तासांच्या आत डॉक्सिसायक्लिन घ्या. शुक्रवारी रात्री पाण्यातून चाललेल्या माणसाची ही मुदत सोमवारी रात्री संपते. सोमवारपर्यंत धीर धरायला सांगणारी माणसं त्याला नेमकी त्याच्या हक्काच्या वेळेतून बाहेर काढतात. आणि औषध न घेता ताप आलाच, तर तो बहुधा पाच ते चौदा दिवसांनी येतो. तोवर ट्रेक विसरलेला असतो. दवाखान्यात तो सांगतो, “परवापासून ताप आहे, बाहेरचं काही खाल्लं नाही.” ओढा सांगत नाही, खरचटलेलं सांगत नाही. गोव्याच्या दोन रात्री सांगत नाही, किती दारू झाली तेही सांगत नाही. डॉक्टर पॅरासिटामॉल लिहून मोकळे होतात. यकृत आधीच दारूने किंवा लेप्टोने दुखावलेलं असेल तर गोळ्यांचा हिशेब बदलायला हवा होता, पण त्यांना तसं सुचायला कारणच मिळालेलं नसतं.

“कसं सांगणार?” भाची विचारते. “ते डॉक्टर मला लहानपणापासून ओळखतात. संध्याकाळी बाबा त्यांना भाजीच्या गल्लीत भेटतात.” हा आक्षेप मला सगळ्यांत मोलाचा वाटतो, कारण त्यात ती एकटी नाही. फॅमिली डॉक्टर हे उपनगरांचं मोठं वैभव आहे, आणि त्याच ओळखीने तरुणांची तोंडं बंद होतात. डॉक्टरांच्या आचारसंहितेत, २००२ च्या नियमांत, रुग्णाचं गुपित न्यायालयाचा आदेश, दुसऱ्याच्या जिवाला धोका किंवा कळवणं बंधनकारक असलेला आजार एवढे अपवाद वगळता फोडायचं नाही असं लिहिलेलं आहे. पण ते नियमात असून भागत नाही. दवाखान्यातल्या डॉक्टरने वीस-बावीस वर्षांच्या मुलीबरोबर आलेल्या आईला दोन मिनिटं बाहेर बसायला सांगितलं पाहिजे, आणि “तीन आठवड्यांत कुठे कुठे गेली होतीस, पाण्यात उतरलीस का, पिणं किती झालं” हे तपासणीच्या सुरात, जसा नाडीला हात लावतात तसं, विचारलं पाहिजे. रात्री बाहेर जाण्याला नावं ठेवणारं घर मुलांना आजारापासून वाचवत नाही, त्यांना डॉक्टरशी खोटं बोलायला शिकवतं. माझ्या पिढीचा यात दोष आहे आणि तो मान्य केल्याशिवाय भाचीला मुदतीचे पाठ देण्याचा आम्हाला हक्क नाही.

शेवटचा मुद्दा तिने मांडला आणि त्याला माझ्याकडे अर्धंच उत्तर आहे. “मामा, मी निदान घरून काम करीन म्हणून सांगू शकते. पण मला टेबलावर जेवण आणून देणारा मुलगा? गोव्याच्या बसचा ड्रायव्हर? त्याला ताप उतरल्यावर दोन दिवस घरी बस म्हणशील?” ज्या २०१७ च्या कायद्याने रात्र मोकळी केली, त्याच कायद्यात ठरावीक संख्येइतके किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनेत वर्षाला आठ दिवस पगारी नैमित्तिक रजा आणि आठवड्याला सलग चोवीस तासांची सुट्टी आहे. आजारपणाची वेगळी रजा त्यात नाही. गावचं लग्न, मुलाचा दाखला, तुंबलेले रेल्वे रूळ, अचानक निघालेलं सगळं बहुधा त्याच आठ दिवसांत. राज्य कामगार विमा योजनेत नाव असेल तर आजारपणात पगाराच्या सत्तर टक्के रक्कम वर्षात ९१ दिवसांपर्यंत मिळते, मुलुंड, कांदिवली, अंधेरीला त्या योजनेची रुग्णालयं आहेत. पण नाव असेल तर. रात्रीच्या व्यवसायातली कितीतरी मुलं कागदावर नसतातच. त्यांच्यापुढे माझा सगळा युक्तिवाद दुबळा पडतो, हे मला कळतं. म्हणून तो युक्तिवाद त्यांच्या मालकांना आणि परवाना देणाऱ्या सरकारला ऐकवायला हवा. चोवीस तास उघडं राहायचं असेल तर आजारपणाची पगारी रजा वेगळी द्या, आणि विम्यातली नोंदणी परवान्याच्या नूतनीकरणाला जोडा. तापातून उठलेला ड्रायव्हर रात्रभर घाटातून बस नेतो, तेव्हा मागे बर्थवर झोपलेल्या चाळीस जणांचाही त्यात संबंध येतो.

भाचीला एवढं पटलं. बाकीच्यावर ती अजून अडून आहे. ताप नसताना घरात बसणं तिला जमणार नाही म्हणते. मी तिच्याकडून एकच गोष्ट मागितली. डॉक्टरने चिठ्ठी लिहिली की औषधाखाली दोन तारखा लिहून घ्यायच्या. औषध कुठल्या दिवशी थांबवायचं ती एक, आणि रक्त पुन्हा कधी तपासायचं ती दुसरी. “आणि दुसरी तारीख रविवारची आली तर? लॅब दुपारनंतर बंद असते,” तिने लगेच विचारलं. कूपर, कांदिवलीचं शताब्दी, घाटकोपरचं राजावाडी यांची कॅज्युअल्टी रविवारी रात्रीही चालू असते, आणि महापालिकेचे आपला दवाखाने आठवड्यातल्या इतर संध्याकाळी बऱ्याच ठिकाणी रात्री १० पर्यंत उघडे असतात. बारला दीडपर्यंत परवानगी आहे, तर ज्या गल्लीत बार आहेत तिथल्या दवाखान्याला रविवारी रात्रीही का नसावी, हा प्रश्न तिने माझ्याआधी काढला, आणि तो वॉर्ड ऑफिसला लिहून पाठवायचं आमच्यात ठरलं आहे.